राऊची तक्रार

लातूरला नववीत असताना वाचनालयातून ना. सं. इनामदारांची ‘राऊ’ आणली. अब्बांनी मुखपृष्ठ पाहिलं. "इसमें मस्तानी है ना? पढ," एवढंच म्हणाले. तोवर मी वाचलेल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत आमच्या नावाचा माणूस आला की तो बहुतेक शत्रूच असायचा. इथं मात्र खुद्द पेशवा मस्तानीसाठी घरादाराशी भांडत होता. रात्रभर वाचली.

आता नांदेडला असतो. परवा गोदावरीच्या घाटावर तीच कादंबरी घेऊन बसलो, तर राऊच बोलायला लागला.

"याच नदीकाठी, वर मुंगी-शेवगावला, १७२८ साली निजामानं माझ्याशी तह केला. पालखेडला त्याला पाण्याला महाग केलं होतं मी. पण तू ती पानं भराभर उलटतोस. असू दे. घोड्यावरचा मी सगळ्यांना ठाऊक होतो. घरात हरलेला मी इनामदारांनी लिहिला, त्यांचे उपकारच आहेत. तक्रार एकच. चाळिशी गाठायच्या आत, १७४० साली मी रावेरखेडीला गेलो आणि त्यांची गोष्टही संपली. माझा समशेर मागं राहिला. आईच्या धर्मात वाढला, पानिपतावर मराठ्यांकडून लढला आणि त्याच जखमांनी १७६१ साली गेला. जेमतेम सत्तावीस वर्षांचा. त्याचं काय?"

मी पुस्तक मिटलं. गेल्याच आठवड्यात धाकट्यानं शाळेतून येऊन विचारलं होतं, "अब्बा, पानिपतात आपण कुठल्या बाजूला होतो?" इब्राहिमखान गारदीचं नाव सांगून मी वेळ मारून नेली होती. समशेर मला आठवलाच नव्हता.