यंत्र कुणाचं ऐकत होतं?



डोळखांबजवळच्या एका वस्तीत आम्ही एका आजींची भीमगीतं रेकॉर्ड करायला गेलो होतो. ही गाणी कुठंही छापलेली नाहीत. आजी ज्यांच्याकडून ती शिकल्या, ती माणसं आता नाहीत. आमच्याकडे वर्गणीतून घेतलेला जुना लॅपटॉप होता, त्यावर लिनक्स. आजी दोन तास गायल्या. रेकॉर्डिंगचा लाल ठिपका दिसत होता, म्हणून आम्ही निश्चिंत होतो. रात्री फाइल उघडली तर नुसती सरळ रेघ. आवाजच नाही!

आमच्यातलाच एक म्हणाला, "लिनक्स आपल्याला जमणार नाही. ते इंजिनिअर लोकांचं काम." हे वाक्य आपण पिढ्यान् पिढ्या ऐकत आलोय, फक्त विषय बदलतो. लिनक्सचा तर सोर्स कोडच सर्वांना खुला आहे. वाचायला, बदलायला, वाटायला कुणाची मनाई नाही. मग आपणच दाराबाहेर का उभं राहायचं?

आम्ही एकेक कारण तपासत गेलो. टर्मिनलमध्ये 'एरेकॉर्ड -एल' दिलं, माइक यादीत दिसला. म्हणजे यंत्राला तो सापडत होता. 'अल्सामिक्सर' उघडून एफ-४ दाबलं. कॅप्चर चालू होतं, पातळीही ठीक होती. मग 'पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल' उघडलं, रेकॉर्डिंग सुरू ठेवून त्याच नावाच्या टॅबवर गेलो, आणि चूक सापडली. आवाज घेण्याची जागा 'मॉनिटर' अशी निवडलेली होती. मॉनिटर म्हणजे लॅपटॉप स्वतःच्या स्पीकरकडे जे पाठवतो ते. माइक बदलून निवडला, लगेच पट्टी हलू लागली.

आठवड्यानं पुन्हा गेलो, माफी मागितली. आजींनी एवढंच विचारलं, "मग तुमचं यंत्र दोन तास काय ऐकत होतं?"

"स्वतःचाच आवाज, आजी."

त्या हसल्या. आम्हाला हसू आलं नाही. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाला, त्याच्या पहिल्याच अंकात बाबासाहेबांनी लिहिलं होतं की त्या काळची बहुतेक वर्तमानपत्रं विशिष्ट जातींचंच हित पाहतात. समाज मुका नव्हता, ऐकणारे स्वतःचंच ऐकत होते. आजही इतरांच्या माइकवर विसंबून चालणार नाही. आणि माइक आपला असला, तरी तो कुणाचं ऐकतोय हे तपासणं आपलंच काम आहे.

म्हणून कार्यकर्त्यांना एकच विनंती: कुणाला बोलतं करण्याआधी दहा सेकंदांचं रेकॉर्डिंग करा, तिथंच ऐका, मगच पुढं जा. आमचे हे दहा सेकंद राहिले. दुसऱ्या वेळी आजी पुन्हा मनापासून गायल्या, पण पहिल्या दिवशीची दोन गाणी त्यांना काही केल्या आठवली नाहीत.

जय भीम!