'इज गॉन' की 'हॅज गॉन'?

परवा नात व्याकरणाची वही घेऊन आली. "आजी, 'द कप इज ब्रोकन' आणि 'द कप हॅज बीन ब्रोकन' यांत फरक काय गं? मराठीत दोन्हीकडे 'कप फुटलाय' असंच होतंय."

म्हटलं, पहिल्यात कप आता कसा आहे ते सांगितलंय. दुसऱ्यात त्याचं काय झालं ते. कोणीतरी तो फोडलाय, नाव तेवढं गाळलंय. आपल्याकडे त्यासाठी दोन क्रियापदंच आहेत. आईच्या हातून गेला तर 'फुटला', तुझ्या हातून गेला तर 'फोडला'! इंग्रजीत दोन्हीला एकच 'ब्रेक'.

मराठी माध्यमातल्या मुलांची खरी गोची मात्र वेगळी. 'मुलाने पत्र लिहिले आहे' हा आपला कर्मणी प्रयोग. क्रियापद कर्माच्या मागे जातं. चिठ्ठी असली की 'लिहिली'. म्हणून मुलं सरळ 'द लेटर इज रिटन बाय द बॉय' लिहायची आणि मी मार्क कापायची. 'हॅज रिटन' हवं, हे खरंच. पण पोरांनी मराठी प्रयोग अचूक ओळखला होता, हे काही मी त्यांना कधी सांगितलं नाही.

असो. एक अर्ज अजून आठवतो. आठवीतला मुलगा दोन आठवडे शाळेत नव्हता. रजेच्या अर्जात त्याने लिहिलं होतं, 'माय फादर इज गॉन.' मला वाटलं, वडील परगावी गेलेत. लाल शाईने 'इज' खोडून 'हॅज' केलं आणि खाली 'पाच वेळा लिहा' असा शेरा मारून अर्ज परत दिला. खरं कारण दुपारी शिक्षकांच्या खोलीत कळलं.

'हॅज गॉन' म्हणजे कुठेतरी गेलाय. 'इज गॉन' म्हणजे आता नाही. दिसायला ते कर्मणीसारखं, पण कर्मणी नव्हे. पूर्वीच्या इंग्रजीत जाण्यायेण्याच्या क्रियापदांना 'हॅव'ऐवजी 'बी' लागायचं, त्याचा हा उरलेला अवशेष. जर्मन आणि फ्रेंचमध्ये तशी रचना आजही आहे. हे सगळं मी निवृत्तीनंतर वाचलं. पोराचं वाक्य बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी तो वही घेऊन टेबलाशी आला. सुवाच्य अक्षरात पाच ओळी, 'माय फादर हॅज गॉन.' मला काही बोलायला सुचेना. मी टिक केली.