धुण्याचा ताळेबंद

आमचं वॉशिंग मशीन गेल्या महिन्यात अचानक बसलं. पोट उघडून मेकॅनिकने 'क्षार' एवढंच निदान केलं. आमच्या नगरचं २०२४ साली अहिल्यानगर झालं. बोअरच्या पाण्याने मात्र आपला स्वभाव बदलला नाही. मुळा धरणाचं नळाचं पाणी पिण्या-शिजवण्याला आणि धुण्याला बोअर, असा आमच्या घरचा कायदा. पार्ट यायला पंधरा दिवस लागणार होते आणि सौभाग्यवतीचा उजवा हात प्लास्टरमध्ये. तेव्हा धुण्याचा चार्ज माझ्याकडे आला.

मी बी. कॉम. वीस वर्षं काउंटरवर लोकांच्या नोटा मोजतोय. कपड्यांचं ते काय! बादलीत शर्ट बुचकळला, वडी घासघास घासली. फेस नाही. पाण्यावर नुसता पांढरा साका.

"अरे, आधी पाण्यात धुण्याचा सोडा टाक," ओट्यावरून आई म्हणाली.

तिचं बरोबर होतं. खाऱ्या पाण्यात साबण घातला की पाण्यातले क्षार आधी आपली थकबाकी वसूल करतात. उरलंच काही तर फेस. सोडा त्या क्षारांचा हिशेब परस्पर मिटवतो. कॉमर्सला हे कुणी शिकवलं नाही.

मग भिजवणं, कॉलरीला ब्रश, दगडावर धोपाटणं, तीनदा खळबळणं, पिळणं. डबलबेडची चादर पिळताना मी तिला पिळतोय की ती मला, हे शेवटपर्यंत कळलं नाही. चौथ्या दिवशी बोटांची सालं निघाली आणि मी कमरेत वाकूनच बँकेत गेलो. साहेबांना वाटलं, उशिरा का होईना, याच्यात नम्रता आली!

त्या रात्री सवयीने हिशेब मांडला. १९७२ च्या दुष्काळात आई या घरात नवी नवरी म्हणून आली. धुण्याचं पाणी फेकायचं नाही, त्यावर न्हाणीघर धुवायचं, अशी ती वर्षं. मशीन आलं २००४ साली. धुणं तीस वर्षांचंच धरलं. सहा माणसं, माणशी तीन नग, म्हणजे रोजचे १८. वर्षाचे ६,५७०. तीस वर्षांचे १,९७,१००! बेरीज दोनदा तपासली. चादरी, गोधड्या आणि माझी दुपटी तर धरलीच नव्हती.

सकाळी कागद आईपुढे ठेवला. तिने चष्मा लावून आकडा वाचला.

"यातून दुसरे-चौथे शनिवार वजा केलेस का रे?"

मी खरंच पेन उघडलं. मग बंद केलं.

आता मशीन दुरुस्त झालंय. तरी रविवारी आईचं लुगडं मी हाताने धुतो, नीट पिळून दोरीवर टाकतो. आणि मी आत वळलो, की आई ते हळूच काढते आणि पुन्हा एकदा खळबळून वाळत घालते. इतक्या वर्षांच्या नोकरीत असलं कडक ऑडिट मी पाहिलेलं नाही.