उकिरड्याचं बारावं वर्ष

"बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात गं," आजी म्हणायची. कुणाची नोकरी सुटली, कुणाचं पीक बुडालं की पाठीवरून हात फिरवावा तसं ती हे बोलायची. धारावीजवळ, मिठी नदीच्या काठी, महाराष्ट्र निसर्ग उद्यानात पाऊल टाकलं आणि आजी आठवली. ही जागा खरोखरच उकिरडा होती. मुंबईने वर्षानुवर्षं आपला कचरा इथे आणून ओतला.

कचऱ्यावर झाड जगवणं सोपं नसतं. खाली कुजणं चालूच असतं, त्याची ऊब आणि वायू वर येत राहतात, मुळांना धरायला माती नसते. आधी माती पसरायची, मग रोपं लावायची. १९८३ साली पक्षितज्ज्ञ सालिम अलींच्या हातून इथे रोप लागलं, तेव्हा त्यांनी पंचाऐंशी ओलांडली होती. आपण लावलेल्या झाडाची सावली आपल्याला मिळायची नाही, हे त्या वयात माणसाला ठाऊक असतं. १९८७ साली ते गेले. २२ एप्रिल १९९४ रोजी उद्यान लोकांसाठी खुलं झालं. मी बोटांवर मोजलं. त्र्याऐंशी पहिलं धरलं, तर चौऱ्याण्णव बारावं!

आज इथे सुमारे ३७ एकरांवर दाट झाडी आहे. पायवाटेवर पाचोळा वाजतो. तो उचलून नेण्याची घाई कुणी करू नये. गांडुळं, वाळवी, बुरशी त्याचीच माती करतात. आणलेल्या मातीवर रान आता स्वतःची माती घालतं आहे. नदीच्या अंगाला तिवरं चिखलातून श्वासमुळं वर काढून उभी आहेत. शाळेची मुलं रांगेने येतात आणि फुलपाखरू दिसलं की रांग मोडते. वाऱ्याबरोबर मिठीचा दर्प येतो, तेव्हा पायाखाली काय आहे ते आठवतं. कचरा कुठे गेलेला नाही. रानाने त्याला पोटात घेतलंय.

आजीच्या म्हणीत पांग आपसूक फिटतात. इथे ते माणसांनी माती वाहून, पाणी घालून फेडले, आणि उरलेलं जमिनीने मनावर घेतलं.

घरी आल्यावर रात्री कचऱ्याची पिशवी दाराबाहेर ठेवताना हात थबकला. ही पिशवीही कुठल्यातरी जमिनीवर जाऊन पडेल. तिथली बारा वर्षं अजून सुरूही झालेली नसतील.