तांडा कुणीकडे वळवायचा

युद्धखेळात नैसर्गिक आपत्ती बहुतेक वेळा पत्त्याच्या रूपात येते. गड्डीतून पत्ता निघतो, त्यावर लिहिलेलं असतं भूकंप, महापूर किंवा दुष्काळ. दोन्ही बाजूंची एक-दोन दलं पटावरून उचलली जातात आणि लढाई पुढे चालू होते. ही पद्धत मला कधीच पटली नाही. आपत्ती कोसळली की तिचं काम संपलं, असं तो पत्ता मानतो. राज्यकर्त्यांची खरी कसोटी मात्र तिथून सुरू होते. कोठारात उरलेलं धान्य कुणाच्या तोंडी घालायचं, हे त्यांना ठरवावं लागतं आणि ते शेजारच्या शत्रूवर डोळा ठेवूनच ठरवावं लागतं. म्हणून १६३० च्या दख्खनच्या दुष्काळावर सिनारिओ रचायला घेतला तेव्हा मी पहिलं काही ठरवलं असेल तर हेच, की दुष्काळाचा पत्ता ठेवायचा नाही.

तो काळ पटावर मांडावा असं वाटण्याचं कारण उघड आहे. मलिक अंबर १६२६ मध्ये गेला आणि निजामशाहीचा कणा मोडला. जुलै १६२९ मध्ये दौलताबादेत भर दरबारात लखुजी जाधवरावांना मुलांसकट मारलं गेलं. बंडखोर खानजहान लोदी निजामशाहीच्या आश्रयाला आला आणि त्याचा पाठलाग करत खुद्द शाहजहान मार्च १६३० मध्ये बऱ्हाणपुरात येऊन बसला. दक्षिणेला आदिलशाही, मध्ये मोडकळलेली निजामशाही, पश्चिमेला पुणे-सुप्याच्या जहागिरीत शहाजीराजे. एवढं सगळं जमून आलं आणि त्याच वर्षी पाऊस पडला नाही. पुढच्या वर्षी गुजरातेत तो इतका पडला की उरलंसुरलं पीकही वाहून गेलं.

सिनारिओ मी नोव्हेंबर १६३० मध्ये सुरू करते. त्याला कारण आहे. पाऊस हुकणार हे खेळणाऱ्याला आधीच ठाऊक असतं. पावसाळ्याआधी डाव मांडला तर प्रत्येक जण शहाण्यासारखं धान्य साठवून ठेवील, आणि असं शहाणपण त्या वर्षी कुणाकडेच नव्हतं. त्यापेक्षा खरीप गेलंय, रब्बीला ओल नाही, दसरा होऊन गेलाय आणि फौजा सीमोल्लंघन करून बाहेर पडल्यात, अशा जागी खेळणाऱ्याला आणून बसवावं. पुढचा पाऊस मात्र कुणालाच माहीत नसतो. त्यासाठी कापडी पिशवीत नक्षत्रांच्या चकत्या आहेत. मृग, आर्द्रा, पुनर्वसू अशा हस्तापर्यंत. कुठली कोरडी निघेल आणि कुठली ओली, ते पिशवीत हात घातल्यावरच कळतं. वर्षाच्या पाळ्या तीन : हिवाळा, उन्हाळा, पावसाळा. बारा महिन्यांच्या बारा पाळ्या केल्या तर डावाला नेमकेपणा येतो, पण शेतकऱ्याचं वर्ष तसं चालत नाही, आणि फौजेचंही चालत नसे.

या सगळ्या रचनेचा जीव आहे बैलात.

षटकोनी घरांच्या पटावरच्या बहुतेक युद्धखेळांत रसदीचा नियम एका ओळीत मावतो. दलापासून तळापर्यंत शत्रूनं न अडवलेली वाट दाखवता आली की दल पोसलं गेलं असं धरायचं. वाट आहे की नाही, एवढाच प्रश्न. युरोपातल्या रेल्वेच्या काळातल्या लढायांना तो बऱ्यापैकी लागू पडतो. सतराव्या शतकातल्या दख्खनला तो लावणं म्हणजे मुख्य गोष्टच गाळणं. इथे फौजेचं पोट बंजाऱ्यांच्या तांड्यांवर चाले. हजारो बैलांच्या पाठीवर धान्याच्या गोण्या लादून ही माणसं बायका-मुलांसकट चालत, आणि बैल वाटेतल्या माळावर चरत. चारा फुकट म्हणून वाहतूक स्वस्त, आणि वाहतूक स्वस्त म्हणून लाखाची छावणी वर्षभर एका जागी बसू शके. दुष्काळानं पीक बुडालं तसं माळावरचं गवतही गेलं. माळव्यात धान्य असूनही ते भीमेकाठी पोचवणं अवघड झालं, कारण आणणाऱ्या बैलालाच वाटेत खायला काही नव्हतं. ही साखळी खेळणाऱ्याच्या हाताला जाणवली पाहिजे.

म्हणून पटावर तांड्यांच्या वेगळ्या सोंगट्या आहेत. प्रत्येक तांड्यावर धान्याच्या चार लाकडी गोट्या ठेवायच्या. गवत असलेल्या हिरव्या घरातून जाताना तांडा काही खात नाही. गवत वाळून गेलेल्या करड्या घरातून जाताना दर घराला एक गोटी काढायची. ती बैलांसाठी खाली केलेली गोणी. बऱ्हाणपूरहून निघालेला तांडा परांड्याला पोचेपर्यंत कधी एक गोटी उरते, कधी एकही नाही. हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. खेळणारा स्वतःच्या हातानं गोट्या काढत जातो.

पीटर मंडी नावाचा इंग्रज कंपनीचा माणूस १६३० च्या अखेरीस सुरतेहून बऱ्हाणपूरमार्गे आग्र्याला गेला. त्याच्या रोजनिशीत खानदेशातल्या वाटेवर पडलेली प्रेतं आहेत, तंबू ठोकायला मोकळी जागा न सापडलेली गावं आहेत. त्याच प्रवासात त्याला माळव्याकडून बऱ्हाणपूरच्या बादशाही छावणीकडे चाललेलं धान्यही दिसलं. पुढे १६३२ मध्ये आग्र्याहून पाटण्याला जाताना त्यानं चौदा हजार बैलांचा एक तांडा नोंदवून ठेवला आहे. बऱ्हाणपूरच्या त्या एकाच रस्त्यावर धान्य चाललेलं आणि त्याच रस्त्याच्या कडेला माणसं मरत होती. माझ्या सिनारिओचं मूळ इथे आहे. धान्य मुळीच नव्हतं असं नाही. ते कुणीकडे वळवायचं, हे कुणीतरी ठरवत होतं.

चाचणीच्या एका खेळात मोगल खेळणारा मुलगा हातात तांडा धरून बराच वेळ थांबला. आझमखानाची फौज परांड्याला वेढा घालून बसली होती, आणखी एक पाळी तग धरला असता तर किल्ला पडण्याची शक्यता होती. मध्ये बीडच्या घरात वस्तीच्या तीन चकत्या होत्या, सगळ्या भुकेच्या खुणेवर. तांड्यावर दोन गोट्या उरलेल्या. त्यानं नियमपुस्तक उघडलं, बीडला एक आणि परांड्याला एक देता येईल का ते पाहिलं. देता येतं. पण मग परांड्याची फौज अर्धपोटी राहते आणि बीडमध्ये तीनपैकी एकच वस्ती तगते. त्यानं दोन्ही गोट्या परांड्याला नेल्या. तरीही वेढा उठवावा लागला. खरोखरही १६३१ मध्ये आझमखानाला परांड्याचा वेढा उठवावा लागला होता, कारण जनावरांना वैरण मिळेना. त्याच वर्षाच्या अखेरीस आसफखान विजापूरवर चालून गेला. आदिलशाही सरदारांनी आधीच भोवतालचा मुलूख उजाड करून ठेवला होता, आणि वीसेक दिवसांत त्यालाही परतावं लागलं. खेळातल्या निकालाचा इतिहासाशी असा मेळ बसला की समाधान वाटतं. त्या दिवशी मात्र माझं लक्ष निकालाकडे नव्हतं. वस्तीच्या चकत्या उचलताना त्या मुलानं बीडचं नाव दोनदा वाचलं. त्या चकत्यांवर मी आकड्यांऐवजी कसब्यांची नावं छापली आहेत : बीड, पैठण, इंदापूर, सुपे, चाकण, जुन्नर. नाव वाचून चकती उचलणं आणि आकडा वजा करणं यांत फार अंतर आहे.

रयतेचं काय करायचं, हा या डावातला सर्वांत कठीण प्रश्न. चार खेळाडू चार सत्तांचे असतात. रयतेचा खेळाडू नसतो. मग रयत म्हणजे पटावरची निव्वळ मालमत्ता होते, आणि तसं होऊ देणं मला मंजूर नाही. दुष्काळात गावं गप्प बसून राहत नाहीत, परागंदा होतात. म्हणून नियम असा आहे की पाळीच्या शेवटी ज्या घरात धान्य नाही तिथली वस्ती आपणहून सर्वांत जवळच्या धान्याकडे एक घर सरकते. ते धान्य कुणाचं आहे हे ती पाहत नाही. तिला कुणी हलवू शकत नाही, अडवूही शकत नाही. विजापूरच्या वाटेवर कोठार भरून बसलेल्या आदिलशाही खेळाडूकडे मोगली मुलखातली माणसं येऊन थडकतात. त्यांना पोसलं तर कोठार रिकामं होतं. न पोसलं तर ती त्याच्याच घरात मरतात. ही चकत्यांची हालचाल सुरू झाली की टेबलाभोवतीचं बोलणं बदलतं. तोपर्यंत सगळे घोडदळाबद्दल बोलत असतात.

मेलेल्या वस्तीचे गुण कापावेत का, यावर खेळगड्यांशी माझा बराच वाद झाला. कापले तर माणसं गुणांसाठी जगवली जातात. न कापले तर कुणी त्यांच्याकडे बघतच नाही. एका डच अहवालात गुजरातेत तीस लाख आणि अहमदनगरच्या बाजूला दहा लाख मेल्याचा अंदाज आहे. तो अंदाजच, पण अशा आकड्याला गुणतक्त्यात जागा द्यायला माझा हात धजत नाही. देहूच्या तुकोबांची पहिली बायको आणि मुलगा याच दुष्काळात गेले, दुकानाचं दिवाळं निघालं, हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. त्यामुळे मराठी माणूस या पटाशी बसतो तो तटस्थ बसूच शकत नाही, आणि त्यानं तसं बसावं असं मला वाटतही नाही. पटाच्या कडेला एक लांब रकाना आहे. गेलेल्या वस्त्या तिथे नाव वर करून ठेवायच्या. त्या कुणाच्याही ढिगात जात नाहीत आणि डाव संपेपर्यंत सगळ्यांना दिसत राहतात.

लंगरांबद्दलही लिहिलं पाहिजे. शाहजहानच्या दरबारी इतिहासात बऱ्हाणपूर, अहमदाबाद, सुरत इथे लंगर उघडल्याची नोंद आहे. बऱ्हाणपुरात दर सोमवारी पाच हजार रुपये वाटले, असे वीस सोमवार; सत्तर लाखांचा महसूल माफ केला. मदतीतही सत्तेचा हिशेब असतो, आणि तो फार जुना आहे. इसवी सनापूर्वी २२६ च्या सुमारास भूकंपानं ऱ्होड्स बेटाचा प्रचंड पुतळा कोसळला. तेव्हा एकमेकांशी वैर असलेल्या राजांनी तिथे चांदी, धान्य, लाकूड, शिसं पाठवण्यात चढाओढ केली. पॉलिबियसनं ती यादीच देऊन ठेवली आहे. माझ्या खेळात लंगर उघडणाऱ्याला कीर्तीची चकती मिळते आणि तिच्या जोरावर डळमळणारा सरदार आपल्याकडे ओढता येतो. हेतू शुद्ध होता की नाही, हे नियम विचारत नाही. वीस सोमवारांच्या रांगेत उभ्या राहिलेल्या माणसालाही ते विचारायचं नव्हतं. पण लंगरासाठी लागणारी गोटी त्याच तांड्यावरून उतरवावी लागते. आकाशातून येणारं मदतीचं धान्य या पटावर नाही.

शहाजीराजांची बाजू खेळायला सर्वांत अवघड आणि माझ्या मते सर्वांत सुंदर. फौज थोडी, कोठार त्याहून थोडं, पण हलक्या घोडदळाला वैरण कमी लागते आणि करड्या घरातही ते दोन घरं जास्त जातं. जाधवरावांच्या हत्येनंतर ते मोगलांकडे गेले, १६३२ मध्ये तिथून बाहेर पडले, १६३३ च्या जूनमध्ये दौलताबाद पडल्यावर पेमगिरीला निजामशाहीच्या वंशातल्या एका मुलाला गादीवर बसवून तीन वर्षं झुंजले. पुस्तकात हे वाचताना माणूस नुसता पक्ष बदलत राहिल्यासारखा वाटतो. त्यांच्या जागी बसून पाहिलं की प्रत्येक बदलामागे जहागिरीतली गावं कशी जगवायची हा प्रश्न दिसू लागतो. पुष्कळ मराठी खेळाडू शिवरायांची सोंगटी मागतात. मी देत नाही. डाव सुरू होतो तेव्हा ते शिवनेरीवर नऊ महिन्यांचं बाळ आहेत. जुन्नरच्या घरावर किल्ल्याचं चित्र आहे आणि त्या घरातली वस्ती इतर वस्त्यांसारखीच भुकेली होऊ शकते.

उजाड करण्याचा हुकूम मात्र मी ठेवला आहे, जड मनानं. आदिलशाही मुरार जगदेवानं पुणं जाळलं, गाढवाचा नांगर फिरवला आणि पहार ठोकली, असं परंपरा सांगते. शत्रूला काही मिळू नये म्हणून आपल्याच हातानं मुलूख जाळणं हे त्या काळचं हत्यार होतं आणि विजापूर त्यानंच वाचलं. ते लपवलं तर खेळ खोटा होईल. हुकूम द्यायचा असेल तर खेळाडूनं घराचं नाव मोठ्यानं म्हणायचं आणि करडी चकती उलटून काळी बाजू वर करायची. काळ्या घरावर पाऊस पडला तरी ते हिरवं होत नाही.

डाव दौलताबादच्या पाडावाशी संपवता आला असता. तिथे थरार आहे, किल्ला लढवताना उपासमारीनं मेटाकुटीला आलेला निजामशाहीचा फत्तेखान आहे, किल्ला हाती आल्याचा जल्लोष आहे. पण मी तो १६३६ पर्यंत नेते, जेव्हा शाहजहान आणि आदिलशाह यांनी निजामशाही वाटून घेतली आणि माहुलीला शहाजीराजांनी शस्त्र खाली ठेवलं. अखेरची मोजणी किल्ल्यांची नाही, औतांची आहे. ज्याच्या मुलखात जितकी औतं चालू तितका त्याचा डाव. किल्ले जिंकून ओसाड जमिनीचा धनी झालेला खेळाडू इथे हरतो, आणि असं पुष्कळदा घडतं.

औत परत उभं करायचा नियम मी सर्वांत जास्त वेळा लिहिला. पुढे दादोजी कोंडदेवांच्या कारभारात पुण्याच्या बाजूला कौल देऊन रयत परत बोलावली गेली. पहिल्या वर्षी नाममात्र सारा, मग चढत्या इस्ताव्यानं थोडा-थोडा वाढवत न्यायचा. पटावर ते असं उतरतं : काळ्या घरावर कौलाची चकती ठेवायची, तीन पाळ्या तिथला महसूल सोडायचा, पहिल्या पाळीत पदरची एक गोटी बियाण्याला द्यायची आणि एका तांड्याचे बैल औताला कायमचे द्यायचे. तो तांडा पुन्हा रसद वाहत नाही. शिवाय जवळपास परागंदा झालेली एखादी तरी वस्ती जिवंत असावी लागते. ती नसेल तर कौल, बियाणं, बैल सगळं हाताशी असूनही त्या घरावर औत ठेवता येत नाही. खेळणारे हा नियम सहसा शेवटच्या वर्षी वाचतात. अलीकडे मी तो पहिल्या पानावर, सोंगट्यांच्या मांडणीच्याही आधी छापला आहे.