रक्ताचा अनुस्वार

भुताला मी भीत नाही, शुद्धलेखनाच्या चुकीला भितो. तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवून आणि फळ्यावर सुविचार लिहून माणसाचं दुसरं काय होणार?

पुतण्याने खांडबाऱ्यात मोबाइलवर भयपट काढला. नाव 'हाक'. ट्रेलरमध्ये आधी अंधार, मग सुरत-भुसावळ लाइनवर दूर इंजिनाचा दिवा, आणि मग नाव. ते नाव मी रंगवायचं.

"काका, अक्षरांतून रक्त गळू द्या."

रामसे बंधूंचा 'पुराना मंदिर' (१९८४) पाहिलेल्या माणसाला रक्ताचं वावडं नसतं. लाल रंग घेतला. पण इंग्रजी अक्षरांतून कितीही गळलं तरी वाचता येतं. देवनागरीत थेंब कुठे थांबतो यावर अर्थ ठरतो! 'क'खाली ओघळ वळला, 'हाकु' झालं. दुसऱ्या कागदावर थेंब शिरोरेघेवरच बसला, 'हांक' झालं. १९६२च्या नियमांनी पुरलेला अनुच्चारित अनुस्वार भूत होऊन समोर! मी खरोखर दचकलो.

"रक्त रद्द," मी म्हणालो. "काळ्यावर पांढरं, साधं."

ब्रश टेकवला. पण अलीकडे हात कापतो. रेघ थरथरली. पुसणार, तोच पुतण्या ओरडला, "थांबा काका! अक्षर घाबरलंय बघा! कॉम्प्युटरवर हे जमतच नव्हतं."

तेच नाव ट्रेलरमध्ये गेलं. लोक विचारतात, ही थरथर कशी साधली? मी म्हणतो, "साधना." डॉक्टरांनी तिचं दुसरं नाव सांगितलंय, ते रंगवायची घाई नाही.