दार लोटण्यापूर्वीं

आमच्या आजीच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असे आणि वाड्याच्या दाराला भलें थोरलें पितळी कुलूप असे. त्या कुलपाची एक रीत होती. किल्ली घालून फिरविल्याखेरीज तें उघडत नसे, तसें तें लागतहि नसे. त्यामुळें किल्ली हातांत असल्यावांचून दार बंद करणें शक्यच नव्हतें. किल्ली आंत राहून घरचें माणूस बाहेर अडकल्याचें त्या वाड्यांत आम्हीं कधीं ऐकलें नाहीं. याचें श्रेय आजीच्या दक्षतेला जितकें, तितकेंच त्या जड कुलपाच्या अडाणीपणालाहि दिलें पाहिजे.

पुढें कुलुपें शहाणीं झालीं. सदनिकेच्या दाराला लॅच आलें. वाऱ्याच्या एका झुळकीनें दार लागूं लागलें, आणि दुधाची पिशवी घेण्यास जिन्यापर्यंत आलेले गृहस्थ बाहेरच उभे राहूं लागले. मोटारीचीहि कथा अशीच आहे. कित्येक जुन्या मोटारींत चालकाच्या बाजूचें दार बाहेरून लावावयाचें तर किल्लीच फिरवावी लागे. नंतर एक बटण दाबतांच सारीं दारें एकदम लागावीं अशी सोय झाली. सोय उत्तमच, परंतु तिनें एक जुना संबंध तोडला. दार लावण्याचें काम किल्लीवांचून होऊं लागलें. बाहेरून उघडण्याचें काम मात्र अजूनहि बहुधा किल्लीवांचून होत नाहीं. मोटारीबाहेर अडकून पडण्याच्या बहुतेक प्रसंगांचें मूळ, आमच्या मतें, या एका विसंगतींत आहे. माणूस पूर्वींहि विसराळू होता. पूर्वीं कुलूप त्याला आठवण देत असे, आतां तें देत नाहीं, एवढाच फरक.

हे प्रसंग कसे घडतात तें पाहूं. लग्नकार्याहून परत निघतांना दोन्ही हातांत पिशव्या असतात. बाकीचीं दारें लावलेलींच असतात. किल्ली क्षणभर डिकींतल्या सामानावर ठेवली जाते, आणि झांकण खालीं येतें. दुसरा प्रकार असा कीं, दुरून बटण दाबून गाडी उघडली, पण दार न उघडतां कांहीं वेळ गेला, तर कित्येक गाड्या सुमारें अर्ध्या मिनिटांत आपण होऊन पुन्हां कुलूप लावून घेतात. हें ज्यास ठाऊक नाहीं, तो गाडी उघडीच आहे या भरंवशावर राहतो. खिशांतून बाहेर न काढतां चालणाऱ्या किल्ल्या आल्यापासून ही भीति उरली नाहीं, असें कित्येकांस वाटतें. किल्ली आंत राहिली तर अशा बहुतेक गाड्या शिटी वाजवितात व कुलूप लावून घेत नाहींत, हें खरें. परंतु ही सारी ओळख रेडिओलहरींवर चालते. किल्ली पत्र्याच्या डब्यांत पडली, किंवा तिच्यांतील नाण्याएवढा सेल क्षीण झाला, तर ती आपल्याच पोटांत आहे हें गाडीला कळेलच असें नाहीं.

उपाय साधे आहेत. पहिला असा कीं, हातांत किल्ली दिसल्यावांचून दार लोटावयाचें नाहीं. आणि आंतलें बटण दाबून बाहेर पडण्याऐवजीं, बाहेर यावें, दार मिटावें व मग किल्लीनेंच कुलूप लावावें. एवढ्या संवयीनें तुटलेला जुना संबंध पुन्हां जोडला जातो. दुसरा उपाय जोडकिल्लीचा. नव्या गाडीबरोबर बहुधा दोन किल्ल्या मिळतात. दुसरी किल्ली पहिलीच्याच जुडग्यांत अडकविणें म्हणजे दोन्ही एकदम आंत ठेवण्याची व्यवस्था करणें होय. ती घरांतील दुसऱ्या माणसाजवळ असावी, आणि परगांवीं जातांना सोबतच्या माणसाच्या खिशांत असावी. तिसरें, अगदीं जवळ गेल्यावांचून गाडी उघडेनाशी झाली कीं किल्लींतील सेल लगेच बदलावा. चौथें, पुष्कळ यांत्रिक किल्ल्यांच्या पोटांत धातूचें एक लहान पातें लपविलेलें असतें, आणि दाराच्या मुठीजवळ, कधीं एखाद्या टोपणाखालीं, त्याचें छिद्र असतें. गाडी चालविणाऱ्या प्रत्येकानें हें पातें काढून त्यानें दार एकदां प्रत्यक्ष उघडून पाहावें. पहिला प्रयोग भर पावसांत, रात्रीच्या वेळीं, घाटांत करण्याची पाळी येऊं नये. कांचेच्या रबरांतून पट्टी सारून दार उघडण्याची विद्या जुन्या गाड्यांवर चालत असे. नव्या गाड्यांच्या दारांत विजेच्या तारा व नाजूक जोडण्या असतात, तेव्हां ती हौस जाणत्या कारागिरावर सोंपवावी.

येथवरची गोष्ट गैरसोयीची झाली. वेळ जातो, पैसे जातात, चार लोक हंसतात, आणि प्रकरण संपतें. परंतु आंत मूल असेल तर हिशेब अगदीं निराळा होतो.

दोन वर्षांपूर्वींच्या वैशाखांत पुण्यांतील एका मंगल कार्यालयाच्या आवारांत आम्हीं जें पाहिलें, तें सांगणें अवश्य वाटतें. दीड वर्षाचें मूल मागच्या आसनावर पट्ट्यांनीं बांधून बसविलेलें होतें. रडूं नये म्हणून त्याच्या हातीं किल्ली दिली होती. आई सामान घेण्यास उतरली, दार मिटलें, आणि मुलानें खेळतां खेळतां बटण दाबलें. वडिलांनीं जोडकिल्लीसाठीं घरीं फोन केला. ती कोथरूडहून यावयाची होती. मामा किल्लीवाल्याच्या शोधांत गेले. "बाळा, बटण दाब" म्हणून खुणा झाल्या. मूल आधीं हंसलें, मग रडूं लागलें. "कांच फोडा," असें एक वृद्ध बाई म्हणाल्या, तेव्हां "अहो आजी, गाडी नवी आहे, किल्ली येईलच आतां," असें उत्तर मिळालें. कांहीं वेळानें मूल रडतां रडतां गप्प झालें, आणि तें गप्प झालें म्हणून जमलेल्यांपैकीं कित्येकांस बरें वाटलें! त्या बाईंनीं मात्र कांचेला कपाळ टेंकून आंत पाहिलें, आणि वळून जवळच्या भाड्याच्या गाडीच्या चालकास म्हटलें, "बाबा, तुझा पाना आण." त्यानें कोणाचीहि परवानगी विचारली नाहीं. मुलापासून सर्वांत दूरची पुढली कांच त्यानें कोपऱ्यांत फोडली. मूल लालबुंद व निपचित होतें. सावलींत नेऊन, कपडे सैल करून, ओल्या फडक्यानें अंग पुसल्यावर तें पुन्हां रडूं लागलें, आणि त्या वेळीं तें रडणें सर्वांस गोड वाटलें. हा सारा प्रकार फार तर पंधरा मिनिटांचा.

पंधरा मिनिटें थोडीं नव्हत. उन्हाचा प्रकाश कांचेंतून आंत येतो, आसनें तापतात, आणि तापलेल्या हवेस बाहेर पडण्यास वाट नसते. सन २००५ मध्यें अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत, उन्हांत उभ्या असलेल्या बंद मोटारींतील तापमान एका तासांत सरासरीनें सुमारें २२ अंश सेल्सिअसनें वाढलेलें आढळलें. त्यांतील शेंकडा ८० वाढ पहिल्या अर्ध्या तासांतच झाली होती, आणि कांच किंचित उघडी ठेवल्यानें विशेष फरक पडला नव्हता. म्हणजे बाहेर ३५ अंश असतां आंत ५७ अंशांपर्यंत मजल जावयाची. त्यांत लहान मुलाचें शरीर मोठ्यांच्या शरीरापेक्षां तीन ते पांच पट वेगानें तापतें. मूल शांत झालें याचा अर्थ तें झोपलें असाच नसतो.

म्हणून मुलाच्या हातीं गाडीची किल्ली खेळणें म्हणून कधींहि देऊं नये. प्रसंग आलाच, तर एकानें ११२ या क्रमांकावर मदत मागावी. ऊन असेल किंवा मूल मलूल दिसत असेल, तर दुसऱ्यानें किल्लीची वाट न पाहतां कांच फोडावी. समोरची कांच थरांची असते, ती सहजीं फुटत नाहीं. बाजूची कांच बहुधा कडक केलेली असते आणि कोपऱ्यांत जड वस्तूचा घाव बसल्यास तिचे बारीक तुकडे होतात. हाताला फडकें गुंडाळावें व मुलापासून दूरची खिडकी निवडावी.

त्या दिवशीं आवारांत पंचवीस-तीस शहाणीं माणसें होतीं, आणि कोणाचें हृदय कठोर नव्हतें. त्यांना अडविलें तें संकोचानें. गाडी दुसऱ्याची, कांच महाग, किल्ली वाटेवर, मग आपण कसें फोडावें? ऐन वेळीं हा विचार करूं लागल्यास तो लवकर संपत नाहीं. तो घरांत, थंड डोक्यानें, आधींच संपविला पाहिजे. घरांत मोटार व लहान मूल दोन्ही असलेल्या वाचकांस आमची एवढीच विनंती आहे कीं, आज रात्रीं जेवणें आटोपल्यावर दोन गोष्टी ठरवून टाकाव्या: जोडकिल्ली कोणाजवळ राहील, आणि मूल आंत अडकलें तर कांच फोडण्यासाठीं कोणीं कोणास विचारावयाचें नाहीं.